बसून तर काम आहे तुमचे!

ऊसतोडीच्या जिल्ह्यात राहून 'कंबर दुखते' म्हणायला जीभ रेटत नाही. दिवाळीच्या आगेमागे वडवणी, धारूर, शिरूर कासार, पाटोद्याकडून कोयते निघतात. एक कोयता म्हणजे एक माणूस नव्हे, नवरा-बायकोची जोडी. पहाटेपासून वाकून तोडायचे, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे. त्या बाईची कंबर दुखते म्हटले तर कोणी शंका घेत नाही. (उपचारही कोणी करत नाही, तो भाग वेगळा.) आणि आम्ही? पंख्याखाली, खुर्चीत, समोर कॉम्प्युटर. आम्ही हेच दुखणे सांगितले की ठरलेले उत्तर येते, "बसून तर काम आहे तुमचे!"

अहो, बसूनच तर दुखते. राज्य सरकारच्या कार्यालयांत २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आला, तेव्हा शनिवार मिळाला म्हणून सगळे खूश झाले. पण त्याबरोबर रोजची वेळ सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा झाली आणि जेवायला जास्तीत जास्त अर्धा तास. म्हणजे आठ तास बूड खुर्चीला. बँक, पतसंस्था, सेवा केंद्र, वकिलाकडचा टायपिस्ट, कारखान्याचा लेखनिक, यांचे याहून बरे नाही. खुर्चीत पाठ हळूहळू पुढे झुकते, मान स्क्रीनकडे जाते, पाय खुर्चीखाली दुमडले जातात. ज्याची कंबर चांगली आहे त्याला संध्याकाळी थोडे आखडते, एवढेच. ज्याची शीर आधीच चिडलेली आहे त्याला अकरा वाजताच पायात विजेची तार सोडल्यासारखे होते.

हे शिरेचे दुखणे नुसत्या कंबरदुखीहून वेगळे आहे, ते घरच्यांनी समजून घ्यायला हवे. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. ती फुगली किंवा तिचा आतला मऊ भाग बाहेर आला की शेजारून जाणारी शीर दाबली जाते आणि सुजते. कंबरेच्या सगळ्यात खालच्या दोन गाद्यांत हे जास्त होते. तिथून निघणाऱ्या शिरांपासून शरीरातली सर्वांत जाड शीर बनते आणि ती ढुंगणातून मांडीच्या मागून पोटरीत, पावलात जाते. म्हणून बिघाड कंबरेत आणि आग पावलात. शिंकले, खोकले तरी कळ जाते. बाहेरून काहीच दिसत नाही. सूज नाही, प्लास्टर नाही, काठीही नाही. ज्याला हे झाले आहे तो लग्नात हसून बोलतो आणि घरी आल्यावर जमिनीवर आडवा पडतो. मग मुले म्हणतात, अब्बा तिकडे तर चांगले होते.

याला डॉक्टर सायटिका म्हणतात, वैद्य गृध्रसी म्हणतात आणि युनानी हकीम इर्कुन्नसा. इब्ने सीना यांच्या 'अल-कानून'मध्येही त्याचे वर्णन आहे. आपल्याकडे बोलताना त्याचे 'अर्कुन्निसा' होते आणि मग निसा म्हणजे बायका, म्हणून हा बायकांचा आजार अशी थट्टाही होते. 'नसा' हे त्या शिरेचेच अरबी नाव आहे, बायकांशी त्याचा संबंध नाही. यावर मेंढीच्या शेपटीच्या चरबीचा उपाय हजरत अनस (रजि.) यांच्या रिवायतीने इब्ने माजामध्ये आला आहे आणि तो सुचवणारे हितचिंतक प्रत्येक मोहल्ल्यात भेटतात. त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की आठव्या हिजरी शतकातले इमाम इब्ने कय्यिम यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की हा उपाय सरसकट सर्वांसाठी नसून हिजाज आणि तिथल्या वाळवंटी भागातल्या लोकांना उद्देशून आहे.

दुसरा शब्द 'गॅप'. एमआरआयचा कागद हातात पडला की माणूस आयुष्यभर "माझ्या मणक्यात गॅप आहे" म्हणत फिरतो, वाकत नाही, चालत नाही, नातवाला उचलत नाही. २०१५ साली ३३ अभ्यास एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यात कंबरेचा कसलाही त्रास नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्या पाहिल्या होत्या. विशीतल्या ३० टक्के लोकांची गादी फुगलेली होती आणि ऐंशीतल्या ८४ टक्क्यांची. यांच्यापैकी कोणालाच दुखत नव्हते! म्हणून कागदावर गादी फुगलेली दिसली म्हणजे दुखण्याचे मूळ सापडलेच असे नाही. पायाची ताकद, बधिरपणा आणि कळ कुठून कुठे जाते हे तपासून, ते त्या फोटोशी जुळते का, हे डॉक्टरने पाहावे लागते. बीडच्या जिल्हा रुग्णालयात आणि अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात हाडांचे डॉक्टर आहेत. मणका 'बसवून' देणाऱ्याकडे जाण्याआधी तिथे जावे.

उपचारांबद्दल थोडे कडू बोलतो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम आहे, रुग्णाला आजार नीट समजावून सांगणे आहे, मनाला आधार देणारे उपचार आहेत, सूज उतरवणाऱ्या गोळ्याही आहेत. पण कंबरेचा पट्टा आणि वजन लावून ओढणे म्हणजे ट्रॅक्शन, या दोन्ही गोष्टी नेहमीच्या उपचारात करू नका असे त्यांनी स्पष्ट सांगितले. आपल्याकडे निम्म्या घरांत पट्टा खुंटीला टांगलेला आहे! शिरेसाठी प्रेगाबालिन सर्रास लिहून दिले जाते. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात सायटिकाच्या २०९ रुग्णांवर ते तपासले, तेव्हा पायाच्या दुखण्यात ते साखरेच्या गोळीपेक्षा वरचढ ठरले नाही आणि चक्कर मात्र जास्त आली. ज्यांची ही गोळी चालू आहे त्यांनी ती एकदम तोडू नये, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करावी. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाणे तर मूत्रपिंड आणि जठर दोन्ही खाते. रोजादारांनी या गोळ्या रिकाम्या पोटी घेऊच नयेत. रोजे झेपत नसतील तर आजाऱ्याला पुढे कजा करण्याची मुभा आहेच.

सायटिकाची बहुतेक दुखणी काही आठवड्यांत, महिन्यांत ऑपरेशनशिवाय ओसरतात. मात्र लघवी अडली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर एक रात्रही थांबू नका. लाजेखातर ही गोष्ट लपवली गेली की पुढे ती भरून निघत नाही. घरातल्या बायकांना हे मुद्दाम सांगून ठेवावे.

आता ऑफिस. महागडी खुर्ची म्हणजे इलाज नव्हे. पाय जमिनीला टेकले पाहिजेत, टेकत नसतील तर खाली जुन्या फायलींचा गठ्ठा चालतो. स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत असावी, कंबरेमागे टॉवेलची गुंडाळी आणि मागच्या खिशातले पाकीट काढून टेबलावर. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे अर्ध्या तासाने उठणे. फोन उभे राहून घ्यावा, पाणी स्वतः जाऊन आणावे, फाईल शिपायाच्या हाती न देता स्वतः पोहोचवावी. जोहर आणि असर आम्हाला खुर्चीवरून उठवतात हीही मोठी मेहेरबानी. नमाज ही इबादत आहे, तिला कोणी व्यायाम म्हणू नये, पण उठायला ती भाग पाडते हे खरे. साहेबांना तोंडी सांगण्यापेक्षा डॉक्टरांचा कागद जोडून एक साधा अर्ज द्यावा: मला टेबलाची उंची बदलून हवी, मधूनमधून उभे राहून काम करू द्यावे. अशा अर्जाला आम्हाला एकदा "सगळेच मागतील मग" असे उत्तर मिळाले होते. मागू द्या की! उभे राहायला सरकारचा काय खर्च?

नोकरी करणाऱ्या बाजींचे तर दुहेरी मरण. आठ तास खुर्चीत आणि घरी आल्यावर खाली बसून कणीक मळायची, बादली उचलायची. पिठाची परात ओट्यावर यावी, बादली अर्धी भरावी, कपडे मुलांनी वाळत घालावेत. याला सासूबाईंनी आळस म्हणू नये.

मशिदीतल्या खुर्चीबद्दलही बोलले पाहिजे, कारण चाळिशीतला माणूस मागच्या सफीत खुर्ची ओढतो तेव्हा चार माना वळतात. हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याध होती. त्यांनी विचारल्यावर प्रेषितांनी (स.) सांगितले, की उभे राहून नमाज अदा करा, जमत नसेल तर बसून आणि तेही जमत नसेल तर कुशीवर. स्वतः प्रेषित (स.) घोड्यावरून पडले, उजव्या अंगाला मार लागला, तेव्हा त्यांनी बसून नमाज पढवली. दोन्ही हदीसी बुखारी शरीफमध्ये आहेत. खुर्चीवर केव्हा, जमिनीवर केव्हा, सजद्याचा इशारा कसा, यात उलमांनी बारकावे सांगितले आहेत. ते आपल्या इमामसाहेबांना आपली नेमकी अडचण सांगून विचारावेत. पण "चालताना तर ठीक दिसता" असे शेजारच्या नमाजीने म्हणायचे कारण नाही. चालताना ठीकच असते. दुखते ते रुकूत आणि सजद्यातून उठताना.

रमजानमध्ये तर हे रोजचेच होते. तरावीह या शब्दातच विश्रांती आहे, दर चार रकातींनंतर थोडे थांबायचे म्हणून ते नाव. त्या वेळी सगळी सफ टेकून बसते, कोणी तस्बीह करते, कोणी पाणी पिते. आम्ही दोघे-तिघे तेवढ्या वेळात मागे भिंतीला पाठ लावून उभे राहतो, कारण आमची विश्रांती उभे राहण्यात आहे. गेल्या वर्षीपासून मुतवल्लीसाहेबांनी तिथला चपलांचा रॅक हलवून जागा करून दिली आहे.