मेंदूची गाठ आणि देयकाबाहेरचा खर्च

मुलांच्या कर्करोगांत रक्ताच्या कर्करोगाखालोखाल मेंदूतील गाठींचा क्रम लागतो. सकाळी उठताच डोके दुखणे, वारंवार उलट्या, चालताना तोल जाणे, डोळा तिरळा होणे ही त्यांची लक्षणे. ती पित्ताची समजून औषधे दिली जातात आणि मोलाचे आठवडे निघून जातात. ब्रिटनमध्ये २०११ साली सुरू झालेल्या लोकशिक्षणाच्या मोहिमेनंतर निदानास लागणारा काळ कमी झाला. तसा प्रयत्न येथेही अशक्य नाही.

परंतु निदान झाले म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे. किंबहुना गरीब कुटुंबाची खरी कसोटी तेथूनच सुरू होते. लहान मेंदूत होणाऱ्या मेड्युलोब्लास्टोमा या गाठीचे उदाहरण घ्यावे. प्रथम शस्त्रक्रिया, नंतर सुमारे सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस किरणोपचार आणि त्यापुढे कित्येक महिने रसायनोपचार. गाठ पसरण्यापूर्वी हा क्रम पूर्ण झाला, तर बहुसंख्य मुले वाचू शकतात. मात्र अशा उपचारांची सोय मुंबईसारख्या मोजक्याच शहरांत आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजना रुग्णालयाला उपचारांचे ठरावीक दर देतात, हे स्वागतार्हच आहे. तथापि नंदुरबारच्या शेतमजुराची बुडालेली मजुरी, परक्या शहरातील निवास, दोन वेळचे जेवण आणि गावी राहिलेल्या भावंडांची आबाळ यांचा हिशेब त्या देयकात नसतो. हा भार दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या संस्था उचलतात. पण शासनाचे कर्तव्य दानशूरांच्या औदार्यावर सोडून देता येत नाही. हातचे पैसे संपले की आईबाप मुलाला घेऊन गावी परततात आणि उपचार अर्धवट राहतात.

साधनसामग्री तुटपुंजी असताना विरळ आजारावर खर्च का करावा, असा आक्षेप घेतला जाईल. वस्तुतः अर्थशास्त्राचे उत्तर याच्या उलट आहे. शस्त्रक्रियेचा मोठा खर्च सरकारी तिजोरीतून होऊन गेलेला असतो. पुढील उपचार सुटले तर तो बहुतांशी वाया जातो. निवास, प्रवास व निर्वाहभत्ता यांवरील तुलनेने अल्प रक्कम त्या मोठ्या खर्चाचे रक्षण करते. ही रक्कम योजनेचाच भाग व्हावयास हवी.

वाचलेल्या मुलांपैकी कित्येकांना पुढे ऐकू कमी येते, वाढ खुंटते, अभ्यासात ती मागे पडतात. श्रवणयंत्र, संप्रेरकांचे उपचार आणि समजूतदार शाळा हेदेखील उपचारच होत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली संकल्प सोडला, की २०३० पर्यंत कर्करोगग्रस्त मुलांपैकी किमान ६० टक्के मुले वाचावीत. तो केवळ यंत्रांच्या बळावर सिद्धीस जाणार नाही. मुलाच्या उशाशी बसलेल्या आईला उद्याच्या भाकरीची चिंता नसणे, ही त्याची पहिली अट आहे.