टोपीची झालर आणि माझा शालू



गेल्या महिन्यात धाकटी सून व्हिडिओ कॉलवर नवा हिवाळी कोट दाखवत होती. ती टोरांटोला असते, तिथे उणे वीसची थंडी म्हणजे नवल नाही. कोटाच्या टोपीला सभोवार मऊ केसांची झालर होती. "खरी आहे का गं?" मी विचारलं. तिने आतली पट्टी वाचली, तर कोयोट! कोल्ह्या-लांडग्यांच्या कुळातला तिकडचा रानटी प्राणी. ती ओशाळली. म्हणाली, "आई, कोट जुना, वापरलेला घेतलाय. तो जीव तर कधीच गेला. आता फेकून देऊ का?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. म्हणून हा धंदा चालतो कसा, ते वाचत बसले.

कोयोट पाळलेला नसतो. हिवाळ्यात त्याचे केस दाट झाले की रानात सापळे लावतात. कातडी सोलून, ताणून, वाळवून लिलावाला जाते. ओंटारियोतल्या नॉर्थ बे गावी असं एक लिलावघर आहे. भाव चढला की सापळे वाढतात. पडला की ते खुंटीवर राहतात, कारण रानात जायच्या पेट्रोलचेही पैसे निघत नाहीत. म्हणजे सापळा किती वेळा मिटणार, हे दूर दुकानात उभी असलेली बाई ठरवते. कृत, कारित, अनुमोदना आपण लहानपणी पाठशाळेत शिकलो. इथे ती भावाच्या आकड्यांत लिहिलेली दिसते.

२०१३ च्या सुमारास या बाजारात तेजी होती. मग रशियाचं चलन घसरलं, चीनची मागणी मंदावली आणि २०१९ मध्ये टोरांटोचं मोठं लिलावघर कर्जापायी अडचणीत आलं. कोयोटला तेवढी महागड्या कोटांच्या झालरींमुळे मागणी होती. पण २०२१ मध्ये कॅनडा गूस कंपनीने फर वापरणं बंद करण्याचं जाहीर केलं. कॅलिफोर्नियात २०२३ पासून नवी फर विकायला बंदी आहे. आपल्या देशानेही २०१७ मध्ये मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या कातड्यांची आयात थांबवली.

वाचून बरं वाटलं. पण एक जुनी गोष्ट वाचली आणि तो आनंद निम्मा झाला.

बीव्हर हा तिकडचा पाण्यात बांध घालणारा प्राणी. १६७० मध्ये स्थापन झालेली हडसन्स बे कंपनी त्याच्याच कातड्यांवर मोठी झाली. तिच्या ठाण्यांवर इतर मालाची किंमतसुद्धा बीव्हरच्या कातड्यांत मोजत. युरोपातल्या पुरुषांना त्या लोकरीच्या टोप्या हव्या होत्या, म्हणून हा प्राणी कितीतरी भागांतून नाहीसा झाला. एकोणिसाव्या शतकात त्याला थोडी उसंत मिळाली. कशामुळे? दया आली म्हणून नव्हे. रेशमी टोप्यांची फॅशन आली म्हणून!

बीव्हर सुटला आणि रेशमाचा किडा सापडला. बाजार असाच दया करतो. एकाला सोडतो तो दुसऱ्याला धरून. आता काऊबॉय टोप्यांसाठी बीव्हरला पुन्हा मागणी येऊ लागली आहे. त्यामुळे फरचा भाव पडला म्हणून आपण निश्चिंत होऊ नये. मंदी म्हणजे त्याग नव्हे.

सापळेवाल्यालाही मी पापी म्हणणार नाही. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या रानावर जगणारी आदिवासी कुटुंबं आहेत, भाव पडला की त्यांच्या घरात ओढाताण होते. सापळा त्यांच्या हातात असला तरी हौस उबदार घरात बसलेल्यांची असते.

आणि उबदार घरात मीही बसलेय. माझ्या कपाटात लग्नातला शालू आहे. त्यासाठी हजारो कोश उकळत्या पाण्यात गेले असतील. कंदमुळांचा नियम मी चातुर्मासात काटेकोर पाळते, पण शालू नेसून लग्नात मिरवते. कोणी विचारलं, "किती सुंदर, कुठून घेतलात?" तर कौतुकाने दुकानाचा पत्ता सांगते. ही अनुमोदना नाही तर काय?

सुनेला शेवटी सांगितलं, "कोट फेकू नकोस, थंडी खरी आहे. झालर तेवढी काढ. ती बघून अजून एखादीला घ्यावीशी वाटेल, तो दोष आपल्याकडे नको." तिने कॉलवरच चेन उघडून झालर सोडवली. मग हसून म्हणाली, "आणि आई, तुमचा शालू?"

पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे. मी सुती इरकल काढून ठेवलं आहे. नवं रेशीम घ्यायचं नाही आणि जुनं मिरवायचं नाही, असा नियम मंदिरात जाऊन घेतला. जाऊबाई नाक मुरडतील, मुरडू देत.

तुमच्या कपाटात काय आहे, एकदा उघडून बघा.