गळती कोणाची, भुर्दंड कोणाला?

वीर स्थानकावर उतरलेला पर्यटक भाड्याच्या गाडीने महाडमार्गे नाते, पाचाड करीत रायगडाकडे निघतो. वैशाखातील उन्हात त्याचा पहिला प्रश्न असतो : गाडीत एसी आहे ना? नाही म्हटले की भाडे दुसऱ्याकडे जाते. तेव्हा जुन्या गाडीतील वातानुकूलनाची दुरुस्ती हे सुखवस्तूंचे चोचले आहेत, असे म्हणून हा प्रश्न उडवून लावता येणार नाही. बसणाऱ्याचा तो आराम असेल; चालवणाऱ्याची ती भाकरी आहे.

थंडावा गेला की रस्त्याकाठचा मिस्त्री ‘गॅस भरून’ देतो. वास्तविक ही यंत्रणा बंदिस्त असते. तिच्यातील वायू पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला याचा अर्थ कोठे तरी गळती आहे. गळती शोधणे, उरलेला वायू बाटलीत काढून घेणे, झिजलेली रबरी कडी वा नळी बदलणे, पंपाने यंत्रणा निर्वात करणे आणि मग वजन करून वायू भरणे, याला दुरुस्ती म्हणतात. प्रत्यक्षात मात्र उन्हाळ्यात वायू भरायचा आणि पुढील उन्हाळ्यात पुन्हा भरायचा, असा क्रम चालतो.

यात मिस्त्रीची लबाडी शोधणे सोपे आहे. पण वायू काढून घेणारे यंत्र त्याच्या ऐपतीबाहेरचे आहे, आणि हवेत सोडलेल्या वायूचे बिल त्याला कोणीही पाठवत नाही. ते बिल समाज भरतो. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या जुन्या वायूंना १९८७ च्या माँट्रियल कराराने आळा घातला. त्यांच्या जागी मोटारीत आलेला ‘१३४ ए’ ओझोनला अपाय करीत नाही; पण पृथ्वी तापविण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट प्रभावी आहे. २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार २०२८ पासून या वर्गातील वायूंचा वापर गोठवायचा व २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवायचा आहे.

उद्दिष्ट योग्यच आहे. परंतु पुरवठा आटला की भाव चढतात, आणि चढा भाव प्रथम जुनी गाडी बाळगणाऱ्यालाच मोजावा लागतो. मग स्वस्ताच्या मोहाने ज्वालाग्राही वायू भरले जातील. ‘जुनी गाडी भंगारात काढा’ हा सल्ला देणारे नव्या गाडीच्या कर्जाचे हप्ते भरणार आहेत काय? शिवाय भंगारातल्या गाडीचा वायू तरी कोण काढून घेणार?

केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’चे संकेतस्थळ उघडले. संकेतस्थळाने माहिती मिळेल. निर्वात पंप मिळणार नाही. आमची मागणी साधी आहे. प्रत्येक तालुक्यात वायू काढून घेण्याची सार्वजनिक सोय हवी. मिस्त्रींना विनामूल्य प्रशिक्षण, त्यांच्या सहकारी संस्थेला यंत्रासाठी कर्ज आणि सुटे भाग सुटेच विकण्याची कंपन्यांवर सक्ती हवी. दोन रुपयांच्या कडीसाठी अख्खा संच गळ्यात मारणे ही लूट आहे.

सार्वजनिक पाणी सर्वांचे, हे १९२७ मध्ये याच महाडने चवदार तळ्यावर देशाला शिकवले. हवाही सार्वजनिकच आहे. ती राखण्याचा खर्च मात्र नात्याच्या चालकाने एकट्याने सोसावा, हा न्याय नव्हे.