कंबर कसण्यापूर्वी

देसाईगंज हे आमच्या गावाचे सरकारी कागदावरचे नाव. रेल्वेच्या फलकावर आणि लोकांच्या तोंडी ते वडसाच. वैनगंगेच्या काठचा हा सगळा मुलूख धानाचा. पावसाने बांध्या भरल्या की रोवणीला जोर येतो. बाया रांगेने चिखलात उतरतात, कमरेत वाकतात आणि डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी धरून उजव्या हाताने रोपे रोवीत मागे मागे सरकत जातात. सकाळी वाकलेली पाठ दुपारच्या शिदोरीला सरळ होते आणि पुन्हा संध्याकाळपर्यंत वाकलेली राहते.

काही वर्षांपूर्वी ऐन रोवणीच्या दिवसांत मी मात्र घरात लाकडी फळीवर उताणा पडून छत न्याहाळीत होतो. निमित्त अगदी क्षुल्लक. न्हाणीतली भरलेली बादली उचलायला वाकलो आणि कमरेत अशी उसण भरली की बादली तिथेच राहिली आणि मला दोघांनी धरून बाहेर आणले.

कंबर दुखते म्हटल्यावर सल्ल्यांना तोटा नसतो. शेजाऱ्यांनी पायाळू माणूस शोधून आणतो म्हणून सांगितले. त्याने कमरेला पाय लावला की उसण जाते म्हणे. सौ.ने मोहाच्या बियांचे तेल कोमट करून चोळले. एका नातलगाने तापवलेल्या विटेचा शेक सुचवला. ज्या डॉक्टरांना दाखवले त्यांनी कमरेला पट्टा आणि तीन आठवडे सक्त विश्रांती लिहून दिली. बँकेत उभी हयात नियम पाळण्यात गेलेली. मी ती विश्रांतीही नियमाने घेतली. तीन आठवड्यांनी उठलो तेव्हा कंबर होती तशीच होती. शिवाय पायांतले बळ गेले होते आणि मनात भीती येऊन बसली होती. चप्पल घालायला वाकायचे तरी मी आधी भिंत शोधत असे.

त्या दिवसांत आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंनी माझ्याकडे पाहून म्हटलेले वाक्य मी विसरलेलो नाही. त्या भल्या पहाटे आमच्याकडचे काम उरकून रोवणीला जात. म्हणाल्या, "कमर तं माही बी दुखते जी, साहेब. पन मी फळीवर निजली तं रोवणी कोन करल?" त्यात टोमणा नव्हता. पाऊस पडतो म्हणावे, इतक्या सहज त्या बोलल्या. मला मात्र काही उत्तर सुचले नाही.

पुढे नागपूरला एमआरआय काढला. अहवालात एका गादीला फुगवटा, दुसरीची झीज असे बरेच काही होते. कर्जाच्या थकीत खात्यावरचे शेरे वाचावेत तसा मी तो पुन्हा पुन्हा वाचला आणि प्रत्येक वाचनाबरोबर कंबर जास्त दुखू लागली. फिजिओथेरपी करणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. तिने अहवाल बाजूला ठेवला आणि विचारले, "काका, शेवटचे फर्लांगभर कधी चाललात?" मग तिने जे सांगितले ते ऐकून मी थक्क झालो. नंतर जमेल तसे त्यावर वाचत गेलो. कंबरदुखीच्या बाबतीत आपण जे शहाणपणाचे समजतो त्यातले निम्मे उलटे आहे, असे त्या वाचनातून माझे मत झाले.

पहिली गोष्ट अहवालाची. १९९४ साली अमेरिकेत, ज्यांची कंबर मुळीच दुखत नाही अशा ९८ माणसांचे एमआरआय काढून पाहिले. त्यांपैकी जेमतेम ३६ टक्के लोकांच्या कमरेच्या सगळ्या गाद्या निर्दोष निघाल्या. बाकीच्यांच्या गाद्यांत कुठे ना कुठे दोष होता आणि ती माणसे खुशाल हिंडत-फिरत होती. केस पिकतात तशा गाद्याही वयाने झिजतात. चित्रात दिसलेला प्रत्येक फुगवटा दुखण्याचे कारण असतोच असे नाही.

दुसरी गोष्ट विश्रांतीची. १९९५ साली फिनलंडमध्ये, हेलसिंकी शहराच्या १८६ कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कंबर धरलेल्या या लोकांचे तीन गट केले. एका गटाला दोन दिवस अंथरुणात झोपवले, दुसऱ्याला व्यायाम दिले, तिसऱ्याला सांगितले की झेपेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवा. तिसरा गट सर्वांत लवकर बरा झाला. दोन दिवसांच्या झोपेने ही गत, तर माझ्या तीन आठवड्यांचे काय झाले असेल ते वाचकांनीच ताडावे. बहुतेकांची अचानक धरलेली कंबर काही आठवड्यांत आपसूक पुष्कळ सुटते. तिला हळूहळू हलते ठेवणे एवढेच आपल्या हाती असते.

तिसरी गोष्ट बसण्याची. "पाठीला पोक काढू नका, ताठ बसा" हे मास्तरांचे वाक्य आपल्या पिढीने छडीसकट ऐकले आहे. मी बँकेत लागलो तेव्हा संगणक नव्हते. दोन हातांनी उचलाव्या लागणाऱ्या जाडजूड खतावण्या असत आणि उंच स्टुलावर बसून त्यांत मान घालावी लागे. पण दिवसभरात वीसदा उठावे लागे. कुणाची खतावणी आणायची, कुणाची सही जुळवायची, रोखपालाकडे जायचे. मग संगणक आले, खुर्ची गुबगुबीत झाली आणि उठण्याचे कारणच संपले. कंबरदुखीच्या तक्रारी आमच्या शाखेत त्यानंतर वाढल्या. वाकडे बसण्यापेक्षा न उठता बसणे जास्त बाधते, हे मला तेव्हा कळायला हवे होते.

कमरेच्या पाच मणक्यांमधल्या गाद्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. शेजारच्या मणक्यांतून झिरपून येईल त्यावर त्यांचे भागते. एकाच स्थितीत तासन्‌तास राहिले की आजूबाजूचे स्नायू आणि बंधही ताणून अवघडतात. म्हणून ताठ बसावे, पाठीच्या पोकळीत टॉवेलची गुंडाळी ठेवावी, पाय जमिनीला टेकवावेत, हे सगळे खरे. पण अर्ध्या तासाने उठावे हे त्याहून खरे. आमच्या झाडीपट्टीत मंडईच्या दिवसांत रात्रभर नाटके चालतात. ताडपत्रीवर बसलेला प्रेक्षक पहाटेपर्यंत कितीदा मांडी मोडतो, उकिडवा होतो, कलंडतो, चहाला उठतो ते पाहा. तो ताठ बसला असता तर दुसऱ्या अंकालाच घरी गेला असता.

आता व्यायाम. यातल्या एकाची हकीकत मोठी गमतीची आहे. १९५६ साली न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला रॉबिन मॅकेंझी नावाचे फिजिओथेरपिस्ट होते. कंबर आणि पाय दुखणाऱ्या एका रुग्णाला त्यांनी टेबलावर पालथे झोपायला सांगितले आणि ते दुसऱ्या कामात गुंतले. टेबलाची डोक्याकडची बाजू आधीच्या रुग्णासाठी उंच केलेली होती, ती तशीच राहून गेली. रुग्ण पाच मिनिटे त्यावर कमरेत मागे वाकून पालथा पडून राहिला. मॅकेंझी धावत आले तर तो म्हणाला, कित्येक आठवड्यांत इतके बरे वाटले नव्हते. त्या चुकीतून एक उपचारपद्धती उभी राहिली.

मला शिकवलेला पहिला व्यायाम हाच. दोन-तीन मिनिटे नुसते पालथे पडायचे. मग कोपरांवर टेकून तेवढाच वेळ. मग तळवे टेकवून हातांच्या बळावर छाती उचलायची, कंबर आणि पोट मात्र सैल, जमिनीकडे झुकलेले. असे सावकाश दहा वेळा. दिसायला हे भुजंगासनच. फरक इतकाच की पाठीने जोर करायचा नाही, काम हातांनी करायचे. ओळखण्याची खूण सोपी आहे. पायात उतरलेली कळ वर सरकून कमरेकडे येऊ लागली तर आपण बरोबर वाटेवर आहोत. कळ खाली पोटरीकडे निघाली तर तिथेच थांबायचे. उतारवयात काही जणांना मागे वाकल्याने त्रास वाढतो आणि पुढे झुकल्याने बरे वाटते. त्यांनी उताणे झोपून एकेक गुडघा छातीशी आणावा.

दुसरा व्यायाम बळाचा. उताणे झोपून गुडघे दुमडायचे, पाऊले टेकवायची आणि कुल्ले आवळून कंबर वर उचलायची, पाच आकडे मोजून खाली. तिसरा मांजरासारखा. हातागुडघ्यांवर उभे राहून पाठ एकदा कमानीसारखी वर, एकदा झोळीसारखी खाली. आणि चौथे, सर्वांत स्वस्त औषध म्हणजे चालणे. मी पहिल्या दिवशी पाच मिनिटे चाललो, तिसऱ्या महिन्यात वैनगंगेच्या पुलापर्यंत. अजूनही कंबर कधीमधी आठवण देते, पण आता मी तिला घाबरत नाही.

एक इशारा मात्र न विसरता द्यायला हवा. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, पायातली ताकद जाणे, यांत घरगुती व्यायामात एक तासही घालवू नये. थेट दवाखाना गाठावा. कंबरदुखीबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल, पडल्याचे किंवा अपघाताचे निमित्त असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल, रात्री झोप मोडणारे दुखणे असेल, तरी आधी डॉक्टर. आपल्याकडे मणक्याचा क्षयही दिसतो, तो व्यायामाने जात नाही.

इथवर लिहून थांबलो असतो तर हा लेख माझ्यासारख्या खुर्चीतल्या माणसापुरता झाला असता. पण त्या बाईंचे वाक्य मागे उभेच आहे. २०२० साली जगभरात सुमारे ६२ कोटी लोकांना कंबरदुखी होती, आणि ती सगळी काही खुर्चीत बसणारी माणसे नव्हेत. आमच्याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था १९८६ पासून काम करते आहे. बालमृत्यूंवरचे त्यांचे काम सर्वांना ठाऊक आहे. पण गावांतल्या लोकांचे दुखणे शोधताना कंबर आणि सांधेही त्यांच्यापुढे आले, आणि त्यांनी गावोगाव त्याची पाहणी केली. मुंबईचे मणक्याचे शल्यचिकित्सक डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारी तिथल्या दवाखान्यात येऊन शिबिरे घेतात. ज्या दुखण्याने कुणी मरत नाही त्याची दखल घ्यायला कुणीतरी असे मुद्दाम जावे लागते.

बरा झाल्यावर मी उत्साहाने व्यायामांचा एक कागद तयार केला आणि आमच्या दोन एकरांच्या बांधीवर रोवणीच्या बायांना दाखवायला गेलो. त्यांनी पदर तोंडाला लावून हसून घेतले. मग त्यांतल्या एकीने धुऱ्यावर येऊन दोन्ही हात कमरेवर ठेवले, मागे वाकली, दोनचार वेळा तशीच झुलली आणि पुन्हा चिखलात उतरली. उभ्याने करायचा मॅकेंझींचा व्यायाम तो हाच! मी नागपूरला पैसे मोजून शिकलो, तो त्या बायांच्या अंगवळणी कधीचा पडला होता.

"मग दर अर्ध्या तासाने का करत नाही?" मी विचारले.

"हुंड्याची रोवणी हाय जी," ती म्हणाली. हुंडा म्हणजे इथे एकराचा ठोक दर. जितके लवकर उरकेल तितकी पुढची बांधी हाती लागते. कंबर सरळ करण्यात गेलेला वेळ तिच्या मजुरीतून कापला जातो, आणि तो दर ठरवणारा मीच होतो.

त्या वर्षापासून आमची रोवणी हुंड्याने होत नाही, रोजीने होते. मध्ये मध्ये धुऱ्यावर टेकण्याची सवड असते. खर्च वाढला हे नाकारत नाही. हिशेबाची सवय असल्याने किती वाढला तेही मला ठाऊक आहे. शेजारचे शेतकरी मला नावे ठेवतात आणि त्यांचेही अगदीच चुकते असे नाही, कारण धानाच्या शेतीत उरते किती ते मी कर्जखात्यांवरून पाहिले आहे. रोवणीची यंत्रे येत आहेत, उभ्याने चालवायची निंदणीची अवजारेही आहेत. त्यांनी बायांच्या पाठीवरचा भार उतरावा, पण हातची रोजीही जाऊ नये, हा प्रश्न माझ्या कागदाने सुटणारा नाही.

पण घरातले प्रश्न तरी आपल्या हातचे आहेत. आज रविवार आहे. घरात कोण किती वेळा वाकते ते एकदा मोजून पाहा. केरसुणी हातभर लांबीची का, तिला दांडा का नाही? पाण्याची कळशी जमिनीवरच का? धुण्याची बादली कोण उचलते? लेकी-सुनांना "पोक काढू नकोस" म्हणण्याआधी ओटा त्यांच्या उंचीचा आहे का, हे पाहिलेले बरे. आमच्या मोरीशेजारी सौ.ने कमरेइतका उंच कट्टा बांधून घेतला. बाई आता उभ्याने भांडी घासतात. पहिल्या दिवशी त्या संकोचून म्हणाल्या, "उभ्यानं काम केल्यावानीच नाई वाटत जी."

भरलेली बादली आता मी उचलतो. गुडघे दुमडून, अंगाशी धरून.