साथीचें मोल

आमचे एक स्नेही नोकरीच्या निमित्तानें बरींच वर्षें चेन्नईस राहतात. गेल्या डिसेंबरांत आम्ही त्यांच्याकडे उतरलों, तेव्हां घरांत थोडी धुसफूस चालू होती. त्यांची पंधरा वर्षांची कन्या मैलापुरांत व्हायोलिन शिकते. एका सहाध्यायिनीच्या गाण्यास साथ कर, असें गुरुजींनीं तिला सांगितलें होतें, आणि बाईसाहेब रुसून बसल्या होत्या. "काका, सात वर्षें शिकून मीं तिच्या मागें मागें वाजवायचें?" हा तिचा प्रश्न. आईचेंही मन लेकीकडेच झुकत होतें. वडील आमच्याकडे पाहून म्हणाले, "आतां तुम्हीच सांगा." सांगण्यासारखें आमच्याजवळ तत्काळ कांहीं नव्हतें. त्या महिन्यांत त्या नगरींत गाण्याचा मात्र तोटा नसतो. सायंकाळीं एका सभेचीं तिकिटें काढून आम्ही तिला बरोबर घेऊन गेलों. तिकडे गायनसंस्थेस 'सभा' म्हणतात.

व्हायोलिन हें वाद्य परकें, ही गोष्ट आतां तिकडे कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. मुत्तुस्वामी दीक्षितांचे धाकटे बंधु बालुस्वामी यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तें इंग्रजांच्या वाद्यमेळांतून उचललें. तंजावरच्या चौघां प्रसिद्ध बंधूंपैकीं वडिवेलु यांस त्रावणकोरचे महाराज स्वाति तिरुनाळ यांनीं १८३४ सालीं हस्तिदंती व्हायोलिन दिल्याचें सांगतात. वाद्याची घडण तीच राहिली. बदललें तें धरणें. वादक मांडी घालून बसतो, व्हायोलिनचें डोकें उजव्या पावलावर टेंकवितो आणि दुसरें टोंक छातीशीं घेतो. डाव्या हातास वाद्याचा भार वाहावा लागत नाहीं, म्हणून बोटें तारेवर मनासारखीं घसरूं शकतात. आणि कर्नाटकी गमकांचा सारा जीव त्या घसरण्यांत आहे. आपल्याकडे पेटीवर नभोवाणीनें १९४० सालीं बंदी घातली, ती पुढें उठली, तरी पेटीचा वाद कांहीं मिटत नाहीं. दक्षिणेनें परदेशी वाद्यास जमिनीवर बसविलें आणि वाद तेथेंच संपविला!

मृदंग मात्र घरचा. खोड फणसाच्या लांकडाचें, आणि डाव्या तोंडास मैफलीपूर्वी रव्याचा ओला लेप, जसा आपल्या पखवाजास कणकेचा. तंजावरच्या मृदंगपरंपरेंत नारायणस्वामी अप्पा हें नांव फार आदरानें घेतलें जातें, आणि हे अप्पा महाराष्ट्रीय होते, हें वाचकांस ऐकून बरें वाटेल.

बैठकीची रीत अशी कीं, गायक मध्यें, त्याच्या डाव्या हातास व्हायोलिन व उजव्या हातास मृदंग. पळणी सुब्रह्मण्य पिळ्ळै (१९०८–१९६२) हे डावखुरे मृदंगवादक. त्यांच्याकरितां ही जागा उलटी करावी लागे. पुष्कळांस तें रुचेना. चेंबै वैद्यनाथ भागवतरांसारख्या गायकानें मात्र त्यांची बाजू धरली. तालीम बहुधा नसतेच. अनेकदां साथीदार सभेनेंच योजिलेले असतात, आणि पुढें कोणता राग येणार हें त्यांस व्यासपीठावर बसल्यानंतरच कळतें.

त्या दिवशीं व्हायोलिनवर एक पंचविशीची तरुणी होती, मृदंगावर पांढऱ्या केसांचे एक वृद्ध गृहस्थ. मुख्य कृतीच्या एका ओळीवर गायक स्वर गुंफूं लागले. ती ओळ समेवर उठत नव्हती, समेनंतर दीड मात्रेनें उठत होती. गायक स्वर म्हणत, त्यावर व्हायोलिन उत्तर देई, आणि दोघांच्याही खालीं मृदंग धांवत असे. एका फेरीस गायकांचा हिशेब चुकला व ओळ अर्धी मात्रा उशिरा आली. आम्हांस तें कळलेंही नसतें. परंतु शेजारीं बसून मांडीवर ताल धरणाऱ्या आमच्या रुसूबाईंचा हात एकाएकीं थबकला. मृदंगाच्या गृहस्थांनीं मान वर न करितां एक भरगच्च बोल टाकून तो सांधा झांकला. पुढें व्हायोलिनची पाळी. स्वतःचें कसब दाखविण्यास याहून चांगली संधि कोणती? त्या मुलीनें एक लहानसें, अगदीं साधें स्वरवाक्य वाजविलें आणि ओळ तिच्या नेमक्या जागीं अशी ठळक उभी केली कीं, गायक पुढच्या फेरीस सरळ तेथेंच आले. टाळ्या पडल्या, त्या गायकांस. पण त्यांनीं वळून त्या मुलीकडे पाहिलें व "शाबास" म्हटलें.

नंतर मृदंगाचें स्वतंत्र वादन आलें. त्यास तिकडे 'तनि आवर्तन' म्हणतात, आणि श्रोत्यांपैकीं बरेच जण नेमके त्याच वेळीं कॉफीस उठतात. हा अडाणीपणा सुशिक्षितांत कसा शिरला, कोण जाणे! व्हायोलिनवाली मुलगी गज खालीं ठेवून वीस मिनिटें हातानें ताल देत बसली होती. शेवटचा हिशेब तीनदां येऊन मृदंग त्या दीड मात्रेच्या जागीं पोंचला, तेव्हां त्या वृद्ध गृहस्थांची नजर लोकांकडे नव्हती, तिच्या हाताकडे होती.

कन्येची तक्रार अगदींच निराधार आहे, असें आम्ही म्हणणार नाहीं. मद्रासच्या म्यूझिक अकादमीची 'संगीत कलानिधि' ही पदवी मृदंगवादकास प्रथम मिळाली ती पालघाट मणि अय्यर यांच्या रूपानें १९६६ सालीं. आणि व्हायोलिनवादक स्त्रीस प्रथम मिळाली ती २०१६ सालीं, ए. कन्याकुमारी यांना. मानधनांतही गायक व साथीदार यांच्यांत मोठें अंतर असतें, तें आम्हांस मुळींच पटत नाहीं. त्या रात्रीं मात्र तिनें पैशाचा किंवा पदवीचा विषय काढला नाहीं. रिक्षांत बसल्यावर तिनें एवढेंच विचारलें, "काका, ती चूक त्यांनीं आपसांत कोणत्या खुणेनें सांगितली?" खूण कसली, तिघेही ऐकत होते, असें आम्ही म्हणालों. त्यावर ती घर येईपर्यंत बोलली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं तिनें गुरुजींस होकार कळविला, परंतु एका अटीवर: मैत्रीण काय गाणार तें आपणांस आधीं कोणीं सांगूं नये. हें धाडस आम्हांस जरा अधिकच वाटलें. गुरुजींसही वाटलें असावें, कारण कृतीचें नांव झांकून त्यांनीं राग तेवढा सांगून ठेवला.