‘लाफिंग बुद्धा’ म्हणजे गौतम बुद्ध का?

वास्तुशांत असो की दुकानाचं उद्घाटन, भेटवस्तूंमध्ये ‘लाफिंग बुद्धा’ हमखास दिसतो. तो पैसा आणतो, पण स्वतः विकत घेतला तर फळत नाही, असंही सांगितलं जातं. ही मूर्ती मात्र गौतम बुद्धांची नाही.

मग कोणाची?
सुमारे 1100 वर्षांपूर्वीच्या बुदाई नावाच्या चिनी भिक्खूची. ‘बुदाई’ म्हणजे कापडी पोतं. ते खांद्यावर टाकून तो गावोगाव फिरे, अशी आख्यायिका आहे. पुढे चीनमध्ये त्याला भावी बुद्ध मैत्रेयाचा अवतार मानलं गेलं. भारतातल्या घरांत तो पोहोचला फेंगशुईच्या बाजारातून.

धाराशिवचा बौद्ध वारसा कोणता?
जिल्ह्यातलं तेर, म्हणजे प्राचीन ‘तगर’. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात इथून भडोचला जाणाऱ्या कापडाचा उल्लेख आहे. उत्खननात इथे स्तूपाचे अवशेष सापडले. इथलं विटांचं त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह होतं, असं अभ्यासक मानतात.

फरक का महत्त्वाचा?
गौतम बुद्धांनी तृष्णेला दुःखाचं मूळ म्हटलं. त्यांच्याच नावाने आज धनलाभाची हमी विकली जाते. शोभेसाठी मूर्ती ठेवायला हरकत नाही. पण तिचं तोंड कोणत्या दिशेला आहे, यावर कर्ज फिटत नाही.