बैलाचे दात मोजता, घरच्यांचे कोण पाहणार?

बैल घ्यायला गेलात की आधी काय करता? ओठ वर करून खालच्या जबड्याचे दात पाहता. आदत आहे, चारदाती आहे की जुळलेला, हे कळल्याशिवाय सौदा नाही. आता सांगा, घरातल्या म्हातारीचे तोंड शेवटचे कधी पाहिलेत?

हा विषय शेतीच्या पानावर कशाला, असे कुणी म्हणेल. वाडा कोलमचा साधा भात घ्या आणि एकच घास बराच वेळ चावून पाहा, गोडसर लागू लागतो. लाळेतला पाचक रस पिठूळ अन्नाची साखर करायला तिथेच सुरुवात करतो. पोटाला काही दात नाहीत. बैलसुद्धा घाईने गिळतो, पण नंतर सावलीत बसून रवंथ करतो. आपल्याला ती सोय नाही. बोईसर-तारापूरला पाळीवर जाणारी आपली पोरे मात्र पाच मिनिटांत डबा घशाखाली ढकलतात आणि उरलेली सुट्टी टपरीवर घालवतात.

माझ्या आईने तीस वर्षे मिश्री लावली. दात दुखले की मिश्रीनेच बरे वाटते म्हणायची. पन्नाशीतच दाढा गेल्या. मग नागलीची भाकरी सुटली, वाल सुटले, चणे सुटले, राहिली पेज. अंग उतरत गेले आणि आम्ही टॉनिकच्या बाटल्या आणत राहिलो. तोंडात कुणी डोकावले नाही. रोप पिवळे पडले तर आधी मुळे उपटून पाहा, असे तुम्हाला दर हंगामात सांगणारा मीसुद्धा नाही!

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. गुटख्यावर राज्यात 2012 साली बंदी आली, तरी पुड्या कुठे मिळतात ते तुम्हाला ठाऊक आहे. "मी नुसती सुपारी खातो" म्हणणाऱ्यांनी ऐकावे: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्ये तंबाखूशिवायच्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तिखट झोंबत असेल, पांढरा-लाल चट्टा असेल किंवा व्रण दोन आठवड्यांत भरत नसेल, तर थेट सरकारी दवाखाना गाठा. मधुमेह असेल त्याने हिरड्यांकडे जास्तच लक्ष द्यावे. हिरड्या सुजलेल्या राहिल्या की साखरही आटोक्यात येत नाही.

सरपंच आणि पंचायतीच्या अधिकाऱ्यांना एक सुचवतो. तिशीपुढच्या प्रत्येकाचे तोंड तपासावे, असे सरकारच्या आरोग्य कार्यक्रमातच आहे. पण धडधाकट माणूस त्यासाठी उपकेंद्रावर मुद्दाम जात नाही, आणि बाया तर नाहीच नाही. आमच्या बीजप्रक्रियेच्या प्रात्यक्षिकाला अर्धे गाव एका जागी जमते. त्याच दिवशी आरोग्यसेविकेला बोलवा. खर्च एका बॅटरीचा.

या सभांत तंबाखूची डबी हातोहात फिरते. ती कधी कधी आमच्या खात्यातल्याच माणसाच्या खिशातून निघते. माझी मी गेल्या दिवाळीत फेकली, अजून हात खिशाकडे जातो.